ठसा घेणारा हात

आपल्या भागात अंगठ्याला फारसा मान नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्याला मराठीत ‘अंगठेबहाद्दर’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘हेब्बेट्टु’. दोन्ही भाषा एकाच चुलीपाशी बोलणाऱ्या आपल्या घरांतून हे दोन्ही शब्द वावरतात आणि दोन्हींतली हेटाळणी सारखीच असते. काळाची गंमत अशी, की आज पदवीधर असो वा निरक्षर, रेशनच्या दुकानात, बँकेत, सिमकार्ड घेताना यंत्रावर बोट टेकवायची वेळ सगळ्यांवर येते. ज्याचे बोट यंत्राला पटत नाही, त्याला ‘तुमचा अंगठा लागत नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. दोष बोटाचाच, हे आपण सारे गृहीत धरून चालतो.

हे गृहीत मी सोडून दिले ते २०२३ च्या मे महिन्यात. एका खासगी एजन्सीने आधार नोंदणी केंद्रांसाठी नेमलेल्या तरुण मुलामुलींचे दोन दिवसांचे प्रशिक्षण आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षात ठेवले होते. शिकवायला आलेले गृहस्थ धारवाडकडचे, पोलीस खात्याच्या ठसे विभागातून निवृत्त झालेले. त्यांचे सारे बोलणे कन्नडमध्ये. खानापूर आणि चंदगडकडच्या पाच-सहा मुलांना ते नीट समजेना, म्हणून मराठीत सांगण्यासाठी मला बसवले. मी इतिहास शिकवते. ठशांचा आणि माझा संबंध तोवर पुस्तकापुरताच होता.

पुस्तकातला तो इतिहास मात्र आपल्याच देशातला आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून खडी पुरवण्याच्या करारावर सबंध पंजाचा ठसा घेतला. पुढे ‘ही सही माझी नव्हे’ असे त्याने म्हणू नये, एवढाच तेव्हाचा हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले. हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधून काढण्याची पद्धत जगभर एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली, पण तिच्यामागचे बरेचसे डोके अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे होते. प्रशिक्षकांनी ही दोन नावे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली तेव्हा मला बरे वाटले.

मुलांना वाटले होते, आता यंत्र दाखवतील. सरांनी पिशवीतून काढली काचेची पट्टी, रबरी रूळ आणि काळ्या शाईची नळी. म्हणाले, “शाईवर हात बसल्याशिवाय यंत्रावर बसत नाही.” थेंबभर शाई काचेवर घेऊन ती इतकी पातळ पसरायची, की खालचा कागद दिसावा. शाई जाड झाली की रेषांमधल्या खाचा भरतात आणि उमटतो तो नुसता काळा डाग. मग बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचे, मागे-पुढे करायचे नाही. अंगठा माणसाच्या अंगाकडे फिरवायचा, बाकीची बोटे अंगापासून बाहेर. तसे केल्याने हाताला पीळ पडत नाही. शंख, चक्र आणि कमान हे रेषांचे मुख्य प्रकार. त्यांचा मधला गाभा आणि कडेचा त्रिकोण, दोन्ही ठशात यायला हवेत. नुसते टोक टेकवून भागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यांनी चारदा म्हणून घेतले: “नीव सहाय माडब्याड्री, कै सडिल बिडरी.” मी मराठीत सांगितले, “तुम्ही मदत करू नका, हात सैल सोडा.” समोरचा माणूस घाबरलेला असतो, चांगुलपणाने स्वतःच बोट दाबायला जातो आणि रेषा फिसकटतात. म्हणून त्याला दुसरीकडे बघायला सांगायचे, चार शब्द बोलायचे आणि मग हात धरायचा. कागदाच्या खालच्या भागात चारही बोटे एकदम आणि अंगठे वेगळे असे साधे ठसे पुन्हा घेतात. ते कशाला, असे एका मुलीने विचारले. वरच्या ओळीत एखादे बोट दुसऱ्याच्या घरात पडले असेल, तर खालचे ठसे ते लगेच दाखवून देतात, हे उत्तर मला फार आवडले. चूक होणार हे धरूनच ती पकडायची सोय केलेली होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र आले. डाव्या हाताची चार बोटे, उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. मुलांनी एकमेकांचे ठसे घेतले. विशीतली तुकतुकीत बोटे पहिल्याच झटक्याला पास झाली. मला मात्र निपाणीची मावशी दिसत होती. तिने चाळीस वर्षे विड्या वळल्या. तेंदूचे पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. त्यात अंगठा आणि तर्जनी अशी घासली गेली, की त्यावर रेषा आहेत हे सांगूनही पटू नये. सलग दोन महिने दुकानातून ती तांदळाशिवाय परतली होती. मला म्हणाली होती, “काम करून करून हातच पुसला गं माझा.” मी सरांना विचारले, “अशी माणसं सरावाला आणली तर?” ते हसून म्हणाले, “आणा. आमचं खरं काम तिथंच आहे.”

मावशी त्या आठवड्यात आमच्याकडेच होती. दुपारी तिला घेऊन आले. सरावाच्या प्रोग्रामवर एका मुलाने तिचा पंजा यंत्रावर ठेवला आणि वरून जोर दिला. यंत्राने नाकारले. त्याने आणखी दाबले. सरांनी त्याचा हात अलगद बाजूला केला आणि एकेक गोष्ट करून दाखवली. आधी काच मऊ कापडाने पुसली, कारण मागच्या माणसाच्या घामाचा थर तिच्यावर होता. खिडकीतले ऊन थेट काचेवर येत होते, म्हणून टेबल फिरवले. मावशीला उभे केले. तिचे हात कोमट पाण्याने धुवून टिपले आणि बोटांवरून ओलसर फडके फिरवले, कारण म्हातारपणी कातडी कोरडी पडते आणि कोरडी रेष तुटक उमटते. मग सर म्हणाले, “अम्मा, बेरळ हगूर इडरी.” मावशीला कन्नड समजते. तिने बोटे नुसती टेकवली. डाव्या हाताची चारही बोटे पास झाली. उजवी तर्जनी मात्र शेवटपर्यंत आली नाही.

त्यावर सरांनी जे सांगितले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. ठशाच्या रेषा जन्माच्या आधीच तयार होतात आणि त्यांचे मूळ कातडीच्या आतल्या थरात असते. वरवर घासलेल्या रेषा, काम काही दिवस थांबले तर बऱ्याचदा पुन्हा उठून येतात. एक बोट चालत नसेल तर दहांतले कोणते सर्वांत चांगले उमटते, हे तपासायची सोय आधारच्या व्यवस्थेतच आहे. मावशीची डावी अनामिका सर्वांत स्पष्ट निघाली. विड्यांच्या कामात या बोटाला फारसे काम नसते! पुढे केंद्रावर जाऊन तिने ठसे नव्याने दिले, आणि आता दुकानात ती अंगठा पुढे करत नाही, अनामिका करते.

बोटच नसेल किंवा ठसा येतच नसेल, तर त्याची अपवाद म्हणून नोंद करायची असते. अशा वेळी ‘पुढच्या वेळी या’ म्हणणे किंवा भलत्याच बोटाने जागा भरणे हा गुन्ह्याच्या जवळ जाणारा निष्काळजीपणा आहे, हे सरांनी आवाज चढवून सांगितले. ठसा जुळला नाही एवढ्यावरून गरजू माणसाला त्याच्या हक्कापासून वंचित ठेवता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही आहे. पेन्शनरांना हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आहे. हे नियम आहेत, पण खिडकीपलीकडच्या मुलाला ते माहीत असले तरच ते आजीपर्यंत पोहोचतात.

आपल्या जिल्ह्याची बोटे पाहा. निपाणीच्या विडी कामगार, वडगाव-खासबागचे विणकर, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत राबणारे, शेजारच्या चंदगडात काजू सोलणाऱ्या बाया, आणि राखेने भांडी घासत आलेल्या आपल्या आज्या. ज्यांचे हात झिजलेले आहेत, तांदूळ आणि पेन्शन त्यांनाच सर्वांत जास्त हवी असते. म्हणजे ठसा घेण्याच्या कामातली हयगय बरोबर त्यांच्याच ताटावर येते. हे काम थोड्या पगारावर, चार दिवसांच्या उरकाउरकीने शिकवलेल्या मुलांवर सोडून चालणार नाही. सुतारकाम, शिवणकाम शिकावे लागते, तसेच हेही शिकावे लागते.

आजोबा-आजींना केंद्रावर नेताना एवढे जरूर करा. आदल्या रात्री बोटांना तेल किंवा साय चोळा, सकाळी साबणाने स्वच्छ धुवा. मेंदी रंगलेली असेल तर आठवडाभर थांबा. काच पुसायला निःसंकोच सांगा. कोणी बोट दाबू लागले तर थांबवा. मुले पाचवे आणि पंधरावे वर्ष ओलांडली की त्यांचे ठसे नव्याने द्यायचे विसरू नका. आणि जो मुलगा सावकाश, गोड बोलून, आजीचा हात हातात घेऊन ठसा घेतो, त्याचे कौतुक तोंडावर करा. मग ते मराठीत करा की कन्नडमध्ये, त्याला दोन्ही कळेल.