बुधवार-रविवारचा धबधबा

जर्मनीतल्या कासेल शहराच्या पश्चिमेला एक डोंगर आहे आणि त्याच्यावरून बुधवारी आणि रविवारी दुपारी अडीच वाजता धबधबा पडतो. एक मेला सुरू होतो, तीन ऑक्टोबरला बंद. सोमवारी गेलात तर कोरडे दगड बघून परत यायचं. भाची इथल्या विद्यापीठात शिकते. तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा ती माझी थट्टा करते आहे असंच वाटलं.

"थट्टा नाही गं मावशी. पाण्याबरोबर आपण वरून खाली यायचं. पण त्याआधी मागच्या जंगलातून वर चढायचं, म्हणजे मजा कळेल."

मे महिन्यातला रविवार होता. चार नंबरची ट्राम शेवटच्या थांब्यावर, ड्रुझेलतालला, थांबली आणि रस्ता ओलांडला की जंगलच. मधे ना वस्ती विरळ होत जाण्याचा प्रकार, ना चहाची टपरी, ना तिकिटाची खिडकी. या जंगलाचं नाव हाबिख्ट्सवाल्ड. सर्वांत उंच टोक होहेस ग्रास, उंची ६१५ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने चढ म्हणावं असं त्यात काही नाही. वाट रुंद, बारीक खडीची, बाबागाडी जाईल अशी. खरोखरच एक बाबागाडी आमच्या पुढे चालली होती.

झाडं बहुतेक बीचची. खोडं राखाडी, गुळगुळीत, सरळ वर गेलेली. पहिली फांदी मान मोडून बघावी इतक्या उंचीवर. पानं नुकतीच फुटलेली. एक खाली वाकलेली डहाळी हातात धरून बघितली, तर पान इतकं पातळ की पलीकडचं माझं बोट दिसत होतं, आणि कडेला लहान बाळाच्या कानावर असते तशी मऊ लव. पंधरा दिवसांत ती झडते आणि पान जाड होतं, असं भाची म्हणाली. खाली गेल्या वर्षीचा तांबूस पाचोळा आणि त्यातून वर आलेल्या, चांदणीसारख्या पांढऱ्या फुलांच्या बुटक्या रोपांचे पट्टे. ही वाल्डमाइस्टर. थोडी सुकवली की हिला गोडसर वास येतो आणि इथले लोक मे महिन्यात ती वाइनमध्ये घालून पितात. बाकी करवंदीची जाळी नाही, घाणेरी नाही, कपड्याला काही अडकत नाही. तासभर चाललो आणि ओढणी एकदाही सोडवावी लागली नाही. असलं जंगल मला आधी जंगल वाटेचना.

समोरून माणसं येत होती. बहुतेक सत्तरीच्या घरातली, दोन्ही हातांत काठ्या, पाठीवर छोटी सॅक. प्रत्येक जण 'हालो' म्हणून पुढे जायचा. फाट्या-फाट्यावर झाडांच्या खोडांवर रंगाने काढलेल्या खुणा. या खुणा रंगवायचं काम देशभर पदभ्रमण मंडळांचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं करतात. आणि कायदा असा की जंगल सरकारचं असो की कुणा जमीनदाराचं, त्यात फिरायचा हक्क प्रत्येकाला आहे. १९७५ च्या वनकायद्यात तसं लिहूनच ठेवलंय. फक्त पाय मुरगळला तर जबाबदारी आपली. हे वाक्य भाचीने दोनदा सांगितलं, माझ्या चपलांकडे बघत.

चपला तिने आधीच बदलायला लावल्या होत्या, आणि मोजे सलवारीवर ओढायला लावले होते. कारण? वाघ नाही, बिबट्या नाही, साप कधीतरी. या जंगलात भीती आहे ती गोचिडीची! गोचिडीमुळे मेंदूचा ताप येऊ शकतो, त्यावर लससुद्धा आहे, आणि फिरून आल्यावर अंग तपासणं हा इथल्या घराघरांतला रिवाज. दुसरा प्राणी दिसला नाही, पण त्याच्या गोष्टी ऐकल्या. हा रॅकून, मूळचा अमेरिकेचा. १९३४ साली जवळच्या एडर तलावाकाठी रॅकूनच्या दोन जोड्या सोडल्या गेल्या. आता कासेल म्हणजे युरोपातली रॅकूनची राजधानी म्हणतात. रात्री पावसाच्या पाइपावरून माळ्यावर चढतात, कचऱ्याचे डबे उघडतात. भाचीच्या इमारतीतल्या डब्यांच्या झाकणांना पट्टे लावलेत. ते कसे सोडवायचे हे निम्म्या भाडेकरूंना येत नाही, रॅकूनला येतं.

इतकं शांत, आज्ञाधारक जंगल बघून ते कायम असंच असणार असं वाटतं. पण वाटेच्या कडेला मधूनच जमीन विचित्र खचलेली दिसते. इथे शतकानुशतकं तपकिरी कोळसा काढत होते. डोंगरावर हर्क्युलिस नावाची छोटी रेल्वे होती, ती पर्यटकही आणायची आणि कोळसाही. १९६६ साली ती बंद पडली. कोळशाच्या खाणीवर बीच वाढू द्यायचे, फाट्यावर खुणा रंगवायच्या, बाक ठेवायचे आणि मग त्याला निसर्ग म्हणायचं. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. मला त्याचं कौतुकच वाटलं.

झाडी संपली आणि माथ्यावरचा हर्क्युलिसचा पुतळा दिसला. पाठमोरा.

याचा फायदा लगेच कळला. शहरातून, समोरून येणाऱ्यांना दिसतो तो गदेवर रेललेला, थकलेला पहिलवान. आम्ही मागून आलो म्हणून आम्हाला त्याचा पाठीमागे लपवलेला उजवा हात आधी दिसला, आणि त्या हातातली सफरचंदं. ग्रीक पुराणात ज्या सफरचंदांसाठी त्याने एवढा खटाटोप केला ती तो जगापासून लपवून उभा आहे. पुतळा तांब्याच्या पत्र्याचा, आतून पोकळ, आठ मीटरांहून थोडा उंच, १७१७ सालचा. तो उभा आहे एका पिरॅमिडवर, पिरॅमिड एका अष्टकोनी राक्षसी इमारतीवर, सगळं मिळून सत्तर मीटर.

हे सगळं लँडग्रेव्ह कार्ल या संस्थानिकाच्या डोक्यातलं. तो १६९९ च्या सुमारास इटलीला गेला, तिथल्या उतारावरच्या बागा आणि खळाळती कारंजी बघून आला, आणि ज्योव्हानी फ्रांचेस्को ग्वेर्निएरो नावाच्या वास्तुकाराला घेऊन कामाला लागला. याच कार्लच्या पदरी डेनिस पापां होता, वाफेच्या यंत्राच्या मूळ पुरुषांपैकी एक. वाफेने पाणी वर चढवण्याचे प्रयोग त्याने कासेलातच केले. पण या डोंगरावर शेवटी यंत्र लागलंच नाही. मागच्या पठारावरचं पावसाचं, बर्फाचं पाणी तळ्यांत साठवायचं आणि सोडून द्यायचं. उतार पुढचं बघून घेतो. १७१४ साली पहिल्यांदा पाणी पडलं. पायऱ्यांचा धबधबा खाली राजवाड्यापर्यंत न्यायचा बेत होता, त्यातला तिसरा हिस्साच झाला, आणि १७१५ मध्ये ग्वेर्निएरो अचानक निघून गेला. दगडही दगा देणारा निघाला: टफ, म्हणजे ज्वालामुखीची राख आवळून झालेला, मऊ. बांधल्या दिवसापासून ती इमारत झिजते आहे आणि तेव्हापासून तिची डागडुजी चालू आहे. आम्ही गेलो तेव्हाही एका कोपऱ्याला परांची होतीच.

अडीच वाजायला आले तशी पायऱ्यांच्या दोन्ही कडांना माणसं दाटली. अचानक खालून एक भसाडा, रेड्याच्या हंबरण्यासारखा आवाज आला. पायऱ्यांच्या माथ्याशी एक कुंड आहे. त्याच्या कडेला दगडाचे दोन शिंगवाले उभे आहेत, एक अर्धा घोडा, एक अर्धा बोकड. पाणी आत शिरलं की कोंडलेली हवा त्यांच्या शिंगांतून बाहेर पडते आणि शिंगं वाजतात. वीज नाही, स्पीकर नाही, तीनशे वर्षांपूर्वीची युक्ती. कुंडात दगडांखाली गाडलेल्या राक्षसाचं तोंड तेवढं वर आहे. त्याने आकाशाकडे चूळ टाकली. एक लहान मुलगी दचकून आजोबांच्या पायांना बिलगली.

मग पाणी पायऱ्या उतरू लागलं. आणि मला या सगळ्या प्रकारातली खरी गंमत कळली: पाणी माणसांपेक्षा हळू चालतं. एक पायरी भरते, काठोकाठ होते, थरथरते, मग पुढची. लोक पाचशेवर पायऱ्या त्याच्या बाजूने उतरत पुढे जातात आणि खाली उभं राहून त्याची वाट बघतात. तिथून पाणी पाइपांतून, ओढ्यांतून पुढच्या मुक्कामाला, आणि अख्खी गर्दी, कुत्री, म्हातारी, खांद्यावरची पोरं, जंगलातल्या वाटेने त्याच्या आधी पोचायला निघालेली. श्टाइनह्योफरचा धबधबा, मग सैतानाचा पूल, मग जलसेतू. प्रत्येक ठिकाणी कर्मचारी झडपा हाताने उघडतात. अवर्षण पडलं तर खेळ आखडतात. पाणी पावसाचंच आहे, त्याला काय करणार!

जलसेतू रोमन दिसतो, मधेच तुटलेला, आणि तुटल्या जागेवरून पाणी खाली कोसळतं. तो रोमन नाही आणि तुटलेलाही नाही. १७८८ ते १७९२ या काळात तो असाच, तुटका, बांधला. त्या काळी श्रीमंतांना भग्नावशेषांचा शौक होता. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी करवून घेतले. जंगलात थोडं आडवं गेलं की ल्योवेनबुर्ग नावाचा मध्ययुगीन किल्ला लागतो. तोही १७९३ ते १८०१ मध्ये हाइनरिख क्रिस्टोफ युसोव या वास्तुकाराने बांधलेला, पडक्या बुरुजांसकट. बांधून घेणारा नववा विल्हेल्म त्याच्याच चॅपेलमध्ये पुरलेला आहे. पुढची गोष्ट तर कुणी कल्पना म्हणून सांगितली असती तरी मी नावं ठेवली असती: दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले आणि किल्ल्याचा मुख्य मनोरा खराखुरा पडला. खोटा भग्नावशेष खरा झाला. आता लाखो युरो खर्चून त्याला पुन्हा पूर्वीइतकाच खोटा पडका केला आहे.

हौसेला पैसा लागतो आणि तो कुठून आला हे इथे लपवलेलं नाही. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा १७७६ मध्ये इथल्या फ्रीडरिख या लँडग्रेव्हने इंग्रजांशी करार करून आपले हजारो सैनिक भाड्याने दिले. अमेरिकेत 'हेसियन' म्हणून ज्यांचा अजून राग आहे ते हेच, या टेकड्यांमधल्या खेड्यांतले शेतकऱ्यांचे मुलगे. नववा विल्हेल्म त्याचा मुलगा. बापाची तिजोरी त्याच्या हाती आली. तुटक्या पुलावरून कोसळणारं पाणी बघताना हे आठवत राहतं आणि पाणी तरीही सुंदर दिसतं. मी त्याला काही करू शकले नाही.

शेवटी सगळे तळ्याकाठी गोळा झाले. एक क्षण काहीच नाही. मग पाण्याचा खांब उठला, पन्नास मीटरांहून वर, नुसत्या वरच्या साठ्याच्या दाबाने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सव्वा तासाचा कार्यक्रम संपला. कासेलकर या तळ्याकाठी हे लहानपणापासून बघत आलेत, तरी टाळ्या वाजवतात. मागे राजवाडा, ज्यात सेदानच्या पराभवानंतर १८७०-७१ चा हिवाळा तिसऱ्या नेपोलियनने कैदी म्हणून काढला. आता तिथे रेम्ब्रांटची चित्रं आहेत.

तिथून शहराकडे जाणारा रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे. भाचीला दाखवायचं होतं ते मात्र आडगल्लीत. प्रत्येक झाडाशेजारी एक काळा दगड रोवलेला, गुडघ्यापेक्षा थोडा उंच, कंगोरेदार. मी हात लावला. बसाल्ट! अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे खांब ज्या जातीचे, त्याच जातीचा. फक्त आपला दख्खनचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा त्याच्यासमोर पोर. योझेफ बॉइस या कलावंताने १९८२ मध्ये इथल्या 'डॉकुमेंटा' प्रदर्शनात असे सात हजार दगड चौकात ओतले आणि अट घातली: एक झाड लावाल तेव्हा एक दगड हलेल. शहरवासी वैतागले. ढिगारा पाच वर्षांनी संपला. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं, तेव्हा बॉइस हयात नव्हता. लावताना दगड झाडापेक्षा भारदस्त दिसायचा, आता झाडांच्या बुंध्यांपुढे तो कुठल्या कुठे.

"झाडं निम्म्याहून जास्त ओकची आहेत," भाची म्हणाली. "सप्टेंबर-ऑक्टोबरात फळं पडतात, गाड्यांच्या टपांवर, टाक टाक टाक. आमच्या गल्लीतला एक जण दर वर्षी भांडतो."

"कुणाशी?"

"तेच तर कळत नाही त्याला."