मोत्याचा गळपट्टा

आमच्या घरीं माणसें अकरा आणि कुत्रा एक. परंतु गेल्या वर्षीं घरांत जेवढीं खलबतें झालीं, तीं बहुतेक त्या एकाच्याच पायीं. मोत्या जातीचा अल्सेशियन, वजन ३६ किलो. लहानपणीं आमची धाकटी पुतणी त्यास फिरवीत असे. दीड वर्षाचा झाल्यावर तोच आम्हां सर्वांस फिरवूं लागला. एके सकाळीं मांजर पाहून त्यानें अशी कांहीं ओढ घेतली कीं, दोरी हातीं असलेल्या आमच्या मातुःश्री फाटकाशीं पडल्या व त्यांचें उजवें मनगट मोडलें. (सोवळ्यांत असतां त्या मोत्यास वाऱ्यासही उभा राहूं देत नाहींत, पण रात्रीं पोळीचा शेवटचा तुकडा त्यालाच जातो.) त्या कांहीं बोलल्या नाहींत. दादा मात्र म्हणाले, "अरे, ह्याला आवर, नाहीं तर गांवीं तरी पाठवून दे."

आम्हीं बाजारांतून कांट्यांचा पट्टा आणला. ह्याच्या लोखंडी कड्यांचे दांते आंतल्या बाजूस वळलेले असतात. ओढ बसतांच ते मानेंत रुततात. हिमालयांतील गद्दी मेंढपाळांचे कुत्रेही कांटेरी पट्टे घालतात, पण ते कांटे बाहेर असतात, बिबट्यानें गळा धरूं नये म्हणून. हा भेद तेव्हां आमच्या ध्यानांत आला नाहीं.

पहिला आठवडा मोत्या मेंढरासारखा चालला. दादांनीं आमची पाठ थोपटली. दुसऱ्या आठवड्यांत शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाकडे पाहून त्यानें दांत विचकले. त्याच मुलाच्या हातून तो रोज बिस्किट खात असे! कारण उमजण्यास आम्हांस फार वेळ लागला. मूल दिसलें कीं मोत्या आनंदानें पुढें झेपावे, आणि नेमक्या त्याच क्षणीं दांते रुतत. आपण ओढ घेतली म्हणून दुखलें, हा आमचा तर्क. मूल दिसलें कीं दुखतें, हा त्याचा. पट्टा स्वतःच्या दंडावर बांधून ओढून पाहिला, तेव्हां त्याचा तर्क आम्हांस पटला.

जर्मनींत कोनराट मोस्ट यांनीं १९१० सालीं कुत्र्यांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यांत सक्तीला मोठें स्थान आहे. त्याच जर्मनींत २०२२ पासून कांट्यांच्या पट्ट्यानें कुत्रा शिकविण्यास कायद्यानें बंदी आहे. विजेचा धक्का देणारे पट्टे वेल्समध्यें २०१० सालींच बंद झाले. मान आवळणारी सांखळी आम्हीं घेतलीच नाहीं. श्वासनलिका तेथेंच असते. तोंडावरून जाणारी म्होरकी मोत्यानें दोन मिनिटांत पंजानें काढून टाकली.

आतां त्याच्या गळ्यांत रुंद, साधा कातडी पट्टा आहे, आंत दोन बोटें जातील इतका सैल. तो केवळ नांवाच्या पाटीपुरता. दोरी बांधतों ती छातीच्या पट्ट्यास, आणि तीही पुढील कडीस. कडी पाठीवर असेल तर कुत्रा सारें बळ लावून ओढतो. बर्फावरील गाड्यांना कुत्रे असेच जुंपतात. कडी पुढें असली कीं ओढणाराचें अंगच बाजूस वळतें. ओढ बसली कीं आम्ही थांबतों. दोरी सैल झाली कीं पनीराचा तुकडा देऊन चालतों. पहिल्या दिवशीं फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जाण्यास वीस मिनिटें लागलीं, आणि बघे पुष्कळ जमले.

शेजारच्या मुलास पाहून मोत्या अजून अंग ताठ करतो. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहून त्यास तुकडा देतों. पूर्वीं मध्यें वीस पावलें ठेवावीं लागत, आतां आठ पुरतात. परवां मातुःश्रींनीं डाव्या हातानें दोरी धरून पाहिली. फाटकापर्यंतच, आणि दादा कचेरीस गेल्यावर.