एकसारखेपणा मोडतो कधी?



ली सेगेल (1932–2005) हे अमेरिकन उपयोजित गणितज्ञ. एमआयटीत सी. सी. लिन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1959 साली पीएच.डी. मिळवली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमध्ये शिकवले आणि 1973 पासून ते इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये होते. सुरुवातीचे त्यांचे संशोधन द्रवांच्या प्रवाहांवर होते, नंतरचे मुख्यतः जीवशास्त्रावर. विषय बदलला, पण एक प्रश्न त्यांनी सोबत नेला: सगळीकडे सारखी असलेली स्थिती टिकते कधी आणि मोडते कधी?

द्रवाचा पातळ थर दोन आडव्या पट्ट्यांमध्ये कोंडून खालून हळूहळू तापवला, तर आधी काहीच हलत नाही. खालचा गरम द्रव हलका होऊन वर जाऊ पाहतो, पण चिकटपणा त्याला अडवतो आणि त्याची उष्णताही आजूबाजूला निसटते. या ओढाताणीचे माप म्हणजे रॅले अंक. तो साधारण 1708 च्या पुढे गेला की थर अस्थिर होतो आणि त्यात फिरत्या प्रवाहांची नक्षी उमटते. ती कोणती असेल, हे नुसत्या रेषीय गणिताने कळत नाही. तापमानाबरोबर चिकटपणा बदलत असेल तर षटकोनी कप्पे का उमटू शकतात, हे सेगेल आणि जे. टी. स्टुअर्ट यांनी 1962 साली दाखवले. दूरच्या भिंतींमुळे ही नक्षी जागोजागी सावकाश कशी बदलते, याचे समीकरण सेगेल यांनी 1969 मध्ये मांडले. त्याच वर्षी न्यूएल आणि व्हाइटहेड स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते, म्हणून त्या समीकरणाला तिघांचीही नावे आहेत.

यानंतरचे काम सर्वांत सुंदर. डिक्टिओस्टेलियम नावाचे अमिबा जंगलातल्या ओल्या मातीत जिवाणू खाऊन एकेकटे राहतात. खाणे संपले की ते एकत्र येऊ लागतात. हजारो पेशींचा एक सरपटणारा गोळा बनतो आणि शेवटी त्यातून देठ आणि देठावर बीजाणूंची गाठ उभी राहते. देठातल्या पेशी मरतात, बीजाणू उरतात. अमिबांना एकमेकांकडे ओढणारे रसायन सायक्लिक एएमपी आहे, हे 1967 मध्ये कळले. मात्र ही जमवाजमव सुरू कोण करतो? काही खास पेशी आधी हाक देतात आणि बाकीच्या त्यांच्यामागे जातात, असे अनेकांना वाटत होते.

सेगेल आणि भौतिकशास्त्राच्या अभ्यासक एव्हलिन फॉक्स केलर यांनी 1970 मध्ये याकडे तापलेल्या थराच्या नजरेने पाहिले. अमिबांची दाटी आणि रसायनाची तीव्रता या मुख्य राशी. स्वैर भटकंतीने दाटी विरते आणि विघटनामुळे रसायन कमी होते. उलट, योगायोगाने कुठे चार अमिबा जास्त जमले की तिथे रसायन जास्त स्रवते, त्याने आणखी अमिबा ओढले जातात आणि रसायन अजून वाढते. उपासमारीत स्रवणे आणि ओढ या दोन्ही गोष्टी वाढल्या की एका मर्यादेपलीकडे विरण्यावर जमण्याची मात होते. मग एकसारखी पसरलेली वस्ती आपोआप फुटून तिचे पुंजके होतात. म्हणजे जमवाजमवीसाठी म्होरक्या असलाच पाहिजे असे नाही. गणिताने इथे जीवशास्त्राच्या एका गृहीतकालाच हात घातला, आणि या कामाचे खरे मोल त्यात आहे. म्होरक्याची कल्पना तरीही सहजासहजी सुटली नाही. तिच्या या पकडीवर केलर यांनी 1983 मध्ये स्वतंत्र लेख लिहिला.

प्रत्यक्षात हे रसायन काही मिनिटांच्या अंतराने ठोक्याठोक्याने स्रवते आणि त्याच्या लाटा पसरतात. मूळ प्रतिमानात त्या नव्हत्या. 1977 मध्ये सेगेल यांनी आल्बेर गोल्डबेटर यांच्यासह या ठोक्यांचेही गणित केले. एकाच यंत्रणेतून पेशी आपणहून ठोके देऊ शकते आणि आलेला संदेश पुढेही पाठवू शकते, हे त्यातून दिसले. केलर–सेगेल समीकरणांना गणितातही मोठे आयुष्य लाभले: त्यांच्या साध्या रूपात, द्विमितीय क्षेत्रात पेशींचे एकूण प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मर्यादित वेळातच एका बिंदूपाशी दाटी अनंत होऊ शकते.

सेगेल यांनी जुनी, रुळलेली सूत्रेही तपासून पाहिली. एन्झाइमच्या वेगाचे मिकेलिस–मेंटेन सूत्र 1913 चे. एन्झाइम ज्या पदार्थावर काम करते त्या पदार्थापेक्षा ते फार कमी असेल तरच सूत्र चालते, असे सर्रास मानले जाई. सेगेल आणि मार्शल स्लेमरॉड यांनी 1989 मध्ये दाखवले की त्या पदार्थाचे सुरुवातीचे प्रमाण आणि मिकेलिस स्थिरांक यांच्या बेरजेपेक्षा एन्झाइम फार कमी असले तरी पुरते. पदार्थ थोडाच असला तरी स्थिरांक मोठा असेल, तर सूत्र वापरता येते.

तुझा,
अप्पाकाका