हळदीच्या दिवसांत वसमत

थंड हवेच्या ठिकाणी माझा जीव रमत नाही. महाबळेश्वरला, लोणावळ्याला सगळं गाव पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं असतं. घोडेवाला, चिक्कीवाला, फोटोवाला, सगळ्यांची नजर आपल्यावर. अशानं विसावा कसा मिळायचा? मला बाजाराची गावं आवडतात. आपापल्या कामात बुडालेली, पाहुण्यानं कडेला निवांत बसून राहावं अशी. म्हणून नवऱ्याच्या जुन्या मित्रानं वसमतचा आपला रिकामा फ्लॅट देऊ केला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. फेब्रुवारी संपत आला होता, म्हणजे हिंगोली जिल्ह्यात हळदीचे दिवस.

दोन खोल्या, स्वयंपाकघराचा कट्टा, आणि मोंढ्याच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजाराच्या, रस्त्याकडे उघडणारी गॅलरी. गॅलरीत दोन खुर्च्या ठेवल्या की आमची सोय झाली. सकाळी उजाडायच्या आत ट्रॅक्टर येऊन लागत. हमाल पोती फोडत, हळदीचे ढीग पडत, आणि मग खरेदीदार ढिगातून एखादं हळकुंड उचलून मोडून बघत. चहाचा कप हातात घेऊन हे बघत बसायचं, दुपारी पडदे ओढून झोपायचं, उन्हं कलल्यावर बाजारात भाजी घ्यायला जायचं. नवऱ्यानं वर्षभर बाजूला पडलेली कादंबरी वाचून काढली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण कुणीही काहीही ठरवलेलं नाही असे दिवस आम्हाला फार थोडे मिळालेत.

एक सकाळ नरसीला गेलो. 1270 साली नामदेव जन्मले ते हेच गाव, असं इथली परंपरा सांगते. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळं पंजाबातली माणसं इथवर माथा टेकायला येतात. येताना हिंगोलीत उतरलो. निजामाच्या काळातल्या छावणीनं मागे ठेवलेली तोफखाना, रिसाला, पलटण, पेन्शनपुरा ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत.

औंढा नागनाथाच्या देवळानं मात्र आम्हाला बराच वेळ धरून ठेवलं. गाभारा जमिनीखाली आहे. अंग चोरून, वाकून खाली उतरावं लागतं. खाली दमट अंधार, माणसांची दाटी, आणि त्या दाटीतही मन शांत करणारं काहीतरी. मला खरं कुतूहल लागलं ते बाहेर. खालचा भाग काळ्या दगडाचा, इंच इंच कोरलेला, आणि वर नंतरच्या काळात बांधलेलं पांढरं शिखर. दोन काळ एकावर एक बसले आहेत आणि त्यांची सांधरेषा स्पष्ट दिसते. खालची काही शिल्पं भंगलेली आहेत. वरचं काम साधं आहे, कलाकुसरीत खालच्याच्या जवळही जात नाही. तरी मला ते आवडलं, कारण मोडलेलं देऊळ कुणीतरी पुन्हा उभं केलं. नामदेवांना कीर्तनासाठी समोर उभं राहू दिलं नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही आख्यायिका इथलीच. विसोबा खेचरही इथलेच. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या या माणसाकडून नामदेवांनी गुरुमंत्र घेतला, असं सांगतात.

औंढ्याहून ऑटोनं परतताना, वसमत अजून बरंच लांब असताना, एका रानातून पांढरी वाफ वर चढताना दिसली. ऑटोत वास शिरला. ओल्या मातीचा, थोडासा कापराकडे झुकणारा, उग्र आणि तरी हवासा. मी ऑटो थांबवायला सांगितला.

बांधावरून आत गेलो. मधोमध पाण्याची टाकी, खाली पऱ्हाट्यांचा आणि लाकडांचा जाळ, आणि तिच्या वाफेवर चालणारे लोखंडी ड्रम. याला इथं कुकर म्हणतात. दोन माणसं जाळ सारत होती, बाकीची ओल्या कंदांच्या पाट्या ड्रममध्ये रिकाम्या करत होती. काम गुत्त्यानं दिलेलं, त्यामुळं कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. शेताच्या मालकीणबाई तेवढ्या पुढं आल्या. साठीच्या आसपास, डोक्यावर पदर, दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळेजर्द.

‘‘कुठून आलाव ताई?’’

‘‘पुण्याहून. वास आला म्हणून थांबलो.’’

याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही. ‘‘मग बघा की,’’ म्हणाल्या आणि मला ड्रमपाशी घेऊन गेल्या. एक काडी उचलून त्यांनी शिजलेल्या कंदात खुपसली. काडी अलगद आत गेली. अडली तर हळद कच्ची. आणि फार शिजली तर रंग उतरतो. मधला नेमका क्षण ओळखायचा, तो वासावरून आणि काडीवरून. जूनमध्ये बेणं लावलं ते आता निघालंय. नऊ महिन्यांचं पीक या एका क्षणावर येऊन ठेपतं. त्यांनी जाळवाल्याला नुसता हात केला, ड्रम उलटला, आणि वाफाळलेली हळद जमिनीवर पसरली. वाफेत दोन हातांवरचं दिसेना.

पलीकडं आधी शिजवलेली हळद वाळत होती, एकीकडं बंडा म्हणजे गड्डे, एकीकडं कांडी म्हणजे हळकुंडं. पंधरा दिवस ऊन द्यायचं, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल उरते, हे ऐकून नवरा ढिगाकडे नव्यानं बघायला लागला. वाळत आलेलं एक हळकुंड बाईंनी माझ्या कानाजवळ धरून मोडलं. कट्! ‘‘असं वाजलं पाहिजे,’’ म्हणाल्या. खरेदीदार मोंढ्यावर हळकुंड मोडतात ते कशासाठी, ते तेव्हा कळलं.

अंधार पडला. आम्ही निघायला लागलो तर त्या वाटेत उभ्या राहिल्या. ‘‘खाल्ल्याबिगर जाऊ देत नाही. भाकर टाकायलेच मी.’’

तीन दगडांच्या चुलीवर त्या जवारीच्या भाकरी थापत होत्या. हात घासून धुतले होते, पण हळदीचा रंग धुतल्यानं जात नाही; पांढऱ्या भाकरीच्या कडेला फिकट पिवळी झाक उतरत होती. तुरीचं घट्ट वरण, वांग्याची रस्सा भाजी, कारळाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. पोत्यावर मांडी घालून बसलो. ऑटोवाल्या भाऊंनाही ताट आलं. पुण्यात मी अर्धी भाकरी खाते, तिथं तिसरी मागून घेतली. वरणात तिखट नव्हतं, हिंग नव्हता. हळद आणि मीठ, वरून लसणाची फोडणी. आपण चिमूटभर टाकतो ती हळद चवीला असते हे मला माहीतच नव्हतं. ती किंचित कडू लागते आणि मागाहून घशात ऊब ठेवते.

जेवता जेवता बाईंचा मुलगा बोलायला लागला. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गावात बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हळद संशोधन केंद्र उभं राहिलं, याचा त्याला अभिमान होता. ‘‘पण भाव कुठं आपल्या हातात असतो,’’ म्हणाला. निम्मी हळद आता विकायची, कारण बेण्याची, खताची उधारी आणि मजुरी थांबत नाही. निम्मी घरात ठेवायची, पुढं भाव चढेल या आशेवर. मुलीला नर्सिंगला घालायचंय, तिची फी त्या निम्म्यातून. बाई मध्येच म्हणाल्या, ‘‘मागल्या खेपेला ठेवली अन् पडला भाव. अवंदा बघू.’’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण जाळाच्या उजेडात त्या बराच वेळ ढिगाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर धरणावर जायचं ठरलं होतं. गेलो नाही. गॅलरीतच बसलो, पण आता खालचे ढीग वेगळे दिसत होते. प्रत्येक ढिगामागं कुणाची तरी उधारी आणि कुणाची तरी फी आहे हे माहीत झाल्यावर बोली थोडक्यात थांबली की जिवाला लागायचं, चढली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो.

पुण्याला आल्यापासून सकाळच्या चहाबरोबर नवरा फोनवर वसमतच्या मोंढ्याचा हळदीचा भाव काढतो. चढलेला असला की मोठ्यानं वाचून दाखवतो. पडलेला असला की मीच विचारते, आणि मग आम्ही हिशोब करत बसतो, त्यांनी निम्मी अजून ठेवली असेल का.