कुंभकोणमचे रस्ते आणि जुनी बुलेट

तंजावरहून कुंभकोणम अवघे चाळीस किलोमीटर. भोसल्यांच्या राजधानीचा हा शेजार, त्यामुळे मराठी पाहुण्याला तो फारसा परका वाटत नाही. दुतर्फा भातशेती, केळीच्या बागा, मधूनच कावेरीचे कालवे. सुगीच्या दिवसांत शेतकरी डांबरी रस्त्याच्या कडेलाच भात वाळत घालतात. डोळ्यांना हे दृश्य मोठे सुखद. दुचाकीस्वाराला मात्र नव्हे! त्या दाण्यांवर ब्रेक दाबला की चाक सरकलेच म्हणून समजावे.

याच मुलखात एखादी जुनी बुलेट धडधडत येते आणि माणसे वळून पाहतात. तिचे माहेर तामिळनाडूचेच. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. आरंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. वडिलांची किंवा आजोबांची अशी गाडी ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांच्या घरात एक वाद हमखास असतो. पुढे लेगगार्ड बसवायचा की नाही? गाडीचे मूळ रूप बिघडते, असे मालकाला वाटते. घरच्यांना काळजी त्याच्या पायांची.

दोघांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजलिस परिसरातील सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात आढळले, की अशा गार्डमुळे घोट्याच्या व पावलाच्या दुखापती घटतात खऱ्या. पण गुडघा, नडगी आणि मांडीच्या तितक्याच वाढतात. म्हणजे जोराच्या धडकेत पाय वाचेल या भरवशावर गार्ड लावण्यात अर्थ नाही. त्यासाठी हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट आणि बेताचा वेग हेच खरे.

मग गार्ड निरुपयोगी का? तसेही नाही. कुंभकोणमच्या देवळांभोवतालच्या गल्ल्यांत गाडी पडते ती वेगाने नव्हे, उभ्या-उभ्याच. समोर फुलवाली, मागे रिक्षा, मध्येच गाय. दीडशे किलोंहून जड गाडी एकदा कलली की सावरत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि किकही उजवीकडेच. त्या अंगावर पडली की दोन्ही दांडे वाकण्याची भीती. ते सरळ करताना मोडले, तर जुन्या बनावटीचा भाग शोधत किती दुकाने पालथी घालावी लागतील, हे मालकच जाणे. असा छोटा मार गार्ड स्वतःवर घेतो.

सारंगपाणी मंदिराच्या रथोत्सवात हीच युक्ती निराळ्या रूपात दिसते. तो प्रचंड रथ आवरायला नि वळवायला माणसे चाकांखाली लाकडी पाचरी सरकवतात. पाचर झिजली तर दुसरी घ्यायची, रथाला धक्का लागू द्यायचा नाही.

तेव्हा अशा गावांतून फिरणाऱ्याने गार्ड जरूर लावावा, पण काढता येईल असा. चॅसीला भोक पाडू नये, वेल्डिंग तर नकोच. नळीवर क्लॅम्पने आवळताना खाली रबराची पट्टी ठेवावी. बोटभर जाडीचा अवजड गार्डही टाळावा. तो स्वतः न वाकता सारा धक्का चॅसीला देतो, आणि मग दुखणे मोठे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते ती चॅसी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार नसतील तरच. अर्थात अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. तिच्यावरून गावोगाव भटकण्याचा बेत असेल तर तो विचार आधी करावा.

महामहम कुंडाशी मात्र गाडी नेऊच नये. दर बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वणीला तिथे लोटणारी गर्दी २०१६ मध्ये साऱ्या देशाने पाहिली. पुढची पर्वणी २०२८ मध्ये आहे. एरवीही कुंडाच्या काठाकाठाने सोळा मंडप पायी पाहावेत, आणि परतताना पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी घ्यावी.