एक जूनला जन्मलेली माणसं

आमच्या टेबलांमध्ये १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी असते. काही १ जुलैचे. आधार काढताना नुसतं साल सांगितलं त्यांना १ जानेवारी चिकटलेली. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला याचं नवल नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराकडे बघून तारीख टाकली, तीच जन्मभर पुरली. (गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राच्या पत्रिका बिघडवल्या, असं माझी आत्या म्हणते.) बेंगळुरूच्या नव्या सहकाऱ्याने मात्र 'डेटा खराब आहे' म्हणत त्या ओळी गाळणारी क्वेरी लिहिली.

मी वर्ध्यात बसून काम करतो. आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते आणि स्वतःला समाजाचं भान असलेली म्हणवते. माझ्या वाट्याला त्यातलं नळकाम: आशाताईच्या मोबाइलमधली नोंद न सांडता सर्व्हरपर्यंत न्यायची.

गोची फॉर्ममध्येच आहे. जन्मतारीख भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आजी म्हणते, "घे नं माय, साठ लिहून घे." तिला आपलं लगन कोणत्या दुष्काळानंतर झालं ते पक्कं ठाऊक असतं, पण त्याला रकाना नाही. ताई एक तारीख टाकते. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. अशा आजीला अंदाजातली पाच वर्षं फार महागात पडू शकतात. आणि ओळच गाळली तर आजी मोजणीतच नाही.

वर्ध्यातल्या मगनवाडीवरून जाताना मला गांधीजींचे सहकारी कुमारप्पा आठवतात. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी इथूनच चालवला. लंडनला हिशेबतपासनीस झालेला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस त्याआधी गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात घरोघर फिरला होता. घरात येतं किती, जातं किती, कर्ज किती, हे विचारत. सारा भरायची शेतकऱ्याची ऐपत आहे का, या एका प्रश्नासाठी ती सगळी मोजदाद होती. आमच्याकडे उलटं: आधी रकाने, प्रश्न नंतर, तोही बहुधा देणगीदाराचा.

मी ओळी ठेवल्या आणि एक रकाना वाढवला: वय कशावरून? दाखला, आधार, की अंदाज. टेबल जड झालं, आशाताईंना एक टिचकी जास्त पडली. त्यांच्या कामात भर घातल्याचं मला बरं वाटत नाही, म्हणून दुसरे दोन रकाने काढायला लावले. त्यांचा उपयोग कुणालाच सांगता आला नाही.

आता आलेखात साठ, पासष्ट, सत्तरवर सुळके उभे राहतात. दिसायला वाईट दिसतं, ते गुळगुळीत करून द्या, असं एका बैठकीत सुचवलं गेलं. गणिताने ते सहज होतं. अहवालात सुळके तसेच गेले, खाली एक ओळ देऊन: ही वयं लोकांनी सांगितलेली आहेत.