चाड्याचा दिवा

लेकीचं लग्न ठरत आलं होतं आणि पाहुणे दुबलगुंडीला घर बघायला येणार होते. आमच्या बैठकीत तेव्हा पोपडे आलेली भिंत आणि एक बाज, एवढंच. हुमनाबादला सुताराकडं शोकेसचा अंदाज विचारला आणि गुमान घरी आले. हाताशी तीन हजार रुपये होते.

मग गोठ्यातली अडगळ उपसायला घेतली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्या हादऱ्यानं आमच्याकडंही लोकांनी माळवदाची धास्ती घेतली होती. सासऱ्यांनी मागच्या दोन खणांवरची माती उतरवून पत्रे टाकले. निघालेलं लाकूड गोठ्यात रचून ठेवलं, त्यातलं एक ढलपंसुद्धा चुलीला दिलं नाही.

त्या ढिगातून जुन्या दाराची एक फळी निघाली, कडी-कोयंड्यासकट. शहाबाद आमच्यापासून फार लांब नाही. फरशीवाल्याकडं कोपरे उडालेले तुकडे पडून असतात. टेम्पोच्या भाड्यासकट पाचशेत मिळाले. तुकड्यांचे दोन थर रचून त्यांवर फळी आडवी टाकली, झालं टेबल. सासूबाईंची इरकली लुगडी अंगात विरली होती, पण लाल पदर धडधाकट होते. ते पदर वाकळेवर टाचून वाकळ बाजेवर अंथरली. बाजेचं रूपच पालटलं.

तुराट्यांची कणगी मात्र उंदरांनी पोखरलेली होती, तिला हात लावला नाही. बैलगाडीचं चाकही तिथंच राहू दिलं. हायवेवरच्या धाब्यांवर चाकं भिंतीला टांगलेली असतात, ती मला बघवत नाहीत.

सगळ्यात तळाशी तिफणीचं चाडं सापडलं. परातीएवढंही नाही, वाडग्यासारखं कोरलेलं लाकूड, बुडाला तीन भोकं. पेरताना बाई चाड्यावर मूठ धरते, बी बोटांतून या भोकांत आणि नळ्यांतून फणामागं जमिनीत उतरतं. काठाच्या एका बाजूला लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. मी मूठ ठेवून पाहिली, मनगट बरोबर त्या खोलगटात बसलं. ही सासूबाईंची जागा होती. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

याचा दिवा करायचा म्हटल्यावर सासरे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाय लागंल असं ठिवू नको. आन् मिरगाला खाली काढायचं."

चाडं घासून उन्हात वाळवलं, करडीचं तेल दोनदा चोळलं. हे तेल लाकडावर हळूहळू सुकतं आणि त्याची पातळ साय धरते. बैलाच्या कासऱ्यानं ते तुळईला टांगलं. आधी घरातलाच साठ वॅटचा बल्ब आत सोडला, तर अर्ध्या तासात लाकूड तापून तेलाचा वास सुटला. घाबरून बंद केला. दुसऱ्या दिवशी एलईडी आणला. रात्री बटण दाबलं तर वरच्या तुळया उजळल्या आणि खाली फरशीवर उजेडाचे तीन गोल पडले, तिफणीच्या तीन ओळी सुरू व्हाव्यात तसे. सासरे जेवण सोडून उठून आले. त्या गोलांकडं बघत बाजेवर बसून राहिले.

पाहुणे आले, चहा घेऊन गेले, लग्नही झालं.

मिरगाचा पाऊस पडला त्या सकाळी मी स्टुलावर चढून चाडं उतरवलं. सासऱ्यांनी ते धुतलं, हळदकुंकू लावलं, आत मूठभर तूर टाकली आणि कपाळाला लावलं. शेतात पेरणी ट्रॅक्टरच करत होता. संध्याकाळी परत टांगताना बघितलं, एका भोकाच्या चिरेत तुरीचा दाणा अडकला होता. काढला नाही. तेव्हापासून तीन गोलांतल्या एकात त्याची सावली पडते.